चित्र आणि मूल यांच्यातील तफावत

मेंदूच्या एमआरआय चित्रात श्वेतद्रव्य सर्वत्र सुजलेले आणि पाण्याने ओथंबलेले दिसावे, कानशिलांच्या आतल्या भागात पाण्याच्या पोकळ्या दिसाव्यात, आणि ज्या मुलाचे हे चित्र आहे ते मात्र स्वतःच्या पायांनी चालत, विचारलेल्या प्रश्नांना नीट उत्तरे देत डॉक्टरांसमोर बसलेले असावे, अशी विलक्षण तफावत एका दुर्मिळ आनुवंशिक मेंदूविकाराची खूण मानली जाते. मेगॅलेन्सेफॅलिक ल्यूकोएन्सेफॅलोपॅथी विथ सबकॉर्टिकल सिस्ट्स या त्याच्या लांबलचक नावात त्याची तीन प्रमुख लक्षणे गोवलेली आहेत : मोठे डोके, श्वेतद्रव्याचा विकार आणि मेंदूच्या बाह्य थराखाली तयार होणाऱ्या पोकळ्या. वैद्यकीय व्यवहारात त्याला ‘एमएलसी’ म्हणतात. दुर्मिळ आजारांच्या निदानात प्रतिमातंत्राने किती मोठा पल्ला गाठला आणि त्याची मर्यादा कुठे येते, हे दोन्ही समजून घेण्यासाठी याच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. शिवाय त्याच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग मुंबईत घडला आहे.

श्वेतद्रव्य म्हणजे मेंदूच्या आतल्या बाजूचा, चेतातंतूंच्या जुड्यांनी बनलेला भाग. या तंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते आणि त्यामुळे संदेश वेगाने पोचतात. एमआरआय यंत्र शरीरातील, मुख्यत्वे पाण्यातील, हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा उपयोग करून घेते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट शक्तिशाली अशा, म्हणजे साधारणतः 1.5 टेस्ला क्षमतेच्या चुंबकात ही केंद्रे एका दिशेला झुकतात, रेडिओलहरींच्या आघाताने ती विचलित होतात आणि पूर्वस्थितीला येताना जे संकेत देतात त्यांवरून चित्र तयार होते. पाण्याचे प्रमाण आणि ते पाणी पेशींत कितपत बांधलेले आहे यावर हे संकेत अवलंबून असल्याने ‘टी-2’ प्रकारच्या चित्रात मोकळे पाणी पांढरेशुभ्र दिसते, तर मायलिनने वेढलेले निरोगी श्वेतद्रव्य गडद दिसते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नवजात बालकाच्या मेंदूत मायलिन पुरते तयार झालेले नसते, आणि ते बरेचसे तयार व्हायला सुमारे दोन वर्षे लागतात. म्हणून सहा महिन्यांच्या बाळाचे जे चित्र निर्दोष ठरेल तेच चार वर्षांच्या मुलाचे असेल तर रोगाचे ठरते. मुलाचे वय न पाहता त्याच्या मेंदूचे चित्र वाचता येत नाही.

एमएलसीमध्ये टी-2 चित्रात जवळजवळ सगळे श्वेतद्रव्य पांढरे आणि फुगलेले दिसते, परंतु दोन्ही गोलार्धांना जोडणारा पट्टा, मस्तिष्कस्तंभ आणि आतील काही जुड्या तुलनेने शाबूत असतात. कानशिलालगतच्या शंखखंडाच्या पुढच्या टोकाशी, आणि कित्येकदा कपाळ व टाळूखालच्या भागांतही, पोकळ्या असतात. सुजलेले श्वेतद्रव्य आणि पोकळी ही दोन्ही टी-2 चित्रात पांढरी दिसत असल्याने त्यांतील भेद ओळखण्यासाठी ‘फ्लेअर’ या दुसऱ्या पद्धतीचा आधार घेतला जातो. या पद्धतीत मोकळ्या पाण्याचा संकेत मुद्दाम दाबला जातो, त्यामुळे सुजलेला भाग पांढराच राहतो आणि पोकळी मात्र काळी पडून स्पष्ट उठून दिसते. निदानाचा बराचसा भार या साध्या युक्तीवर आहे.

मोठ्या डोक्याच्या आणि श्वेतद्रव्याच्या विकाराने ग्रासलेल्या बालकांत पूर्वी प्रामुख्याने दोन आजारांचा विचार होत असे : कॅनव्हान रोग आणि अलेक्झांडर रोग. बाल्यावस्थेत सुरू होणारे हे दोन्ही आजार गंभीर आहेत, आणि चुकून त्यांपैकी एखादे नाव चिकटवले गेले तर पालकांना मुलाच्या भवितव्याविषयी जे सांगितले जाईल ते वस्तुस्थितीपेक्षा पुष्कळच भीषण असेल. तिघांतील फरक चित्रात वाचता येतो. अलेक्झांडर रोगात विकार कपाळाकडील भागात एकवटलेला असतो. कॅनव्हान रोगात मेंदूच्या खोल भागातील करड्या द्रव्याची केंद्रेही ग्रासलेली असतात आणि एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट हे रसायन मेंदूत व लघवीत वाढलेले आढळते. विकार किती पसरला आहे यापेक्षा तो कुठे आहे आणि कोणता भाग सुटला आहे, हा प्रश्न येथे अधिक मोलाचा ठरतो. नवशिक्या वाचकाचे लक्ष पांढऱ्या डागांवर खिळते, तर अनुभवी वाचक जे गडद राहिले आहे तेही पाहतो.

मुंबईतील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये अशा रुग्णांचे वर्णन एका वैद्यकीय परिषदेत मांडले होते. त्यांच्याकडे आलेली मुले प्रामुख्याने अग्रवाल समाजातील होती, आणि एकाच समाजात हे वर्णन वारंवार आढळावे यावरून आजार आनुवंशिक असावा असा अंदाज बांधता येत होता. 1995 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉ. मार्यो व्हान डेर क्नाप आणि सहकाऱ्यांनी आठ मुलांवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला, ज्याच्या शीर्षकातच चित्राच्या मानाने आजाराची वाटचाल किती सौम्य आहे याचा उल्लेख होता. सिंघल यांच्या गटाचा सविस्तर निबंध 1996 मध्ये आला. जगभर पुढे व्हान डेर क्नाप यांचे नाव या आजाराशी अधिक जोडले गेले. मुंबईच्या नोंदीला तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही, ही खंत वाटण्याजोगी बाब आहे.

व्हान डेर क्नाप यांची कार्यपद्धती मात्र स्वतंत्रपणे समजून घेण्यासारखी आहे. श्वेतद्रव्याच्या विकारांतील मोठा हिस्सा त्या काळी निदानाविना राहत असे. अशा अनुत्तरित रुग्णांची एमआरआय चित्रे गोळा करून, कोणताही आजार गृहीत न धरता, केवळ चित्रातील साम्यावरून त्यांचे गट पाडायचे आणि एखादा गट पुरेसा एकजिनसी वाटला की त्यामागे एकच जनुकीय कारण असावे असे मानून त्याचा शोध घ्यायचा, ही ती पद्धत होती. तिच्यातूनच, श्वेतद्रव्य हळूहळू विरघळून त्याजागी द्रव साठणारा एक विकार 1997 मध्ये वर्णिला गेला आणि 2001 मध्ये त्याची जनुके सापडली. मस्तिष्कस्तंभ व मेरुरज्जू यांना ग्रासणारा आणखी एक विकार 2003 मध्ये वर्णिला गेला आणि त्याचे जनुक 2007 मध्ये हाती लागले. एमएलसीच्या बाबतीतही हाच क्रम होता, आणि बाविसाव्या गुणसूत्रावरील एमएलसी-1 हे जनुक 2001 मध्ये निश्चित झाले. आजाराचे जनुक आधी आणि चित्र नंतर असे समजणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा.

जनुक सापडल्यावर तफावतीचा उलगडाही होऊ लागला. एमएलसी-1 जनुकापासून बनणारे प्रथिन चेतापेशींना आधार देणाऱ्या ताराकार पेशींच्या टोकांशी, रक्तवाहिन्यांलगत असते आणि मेंदूतील पाणी व क्षार यांचा समतोल राखण्यात त्याचा वाटा असतो. ते सदोष असल्यास मायलिनच्या बाहेरील पदरांत पाणी साठून सूक्ष्म पोकळ्या तयार होतात. पाणी हेच एमआरआयचे मुख्य लक्ष्य असल्यामुळे चित्र भयावह दिसते. चेतातंतू मात्र पुष्कळ काळ टिकून राहतात, म्हणून मूल चालते आणि शिकते. अर्थात सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. पहिल्या वर्षातच डोके झपाट्याने वाढते, पुढे तोल जाणे, पायांत ताठरपणा आणि आकड्या येणे सुरू होते, आणि अनेकांना किशोरवयात चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागतो. डोक्याला किरकोळ मार बसला तरी प्रकृती एकाएकी खालावू शकते. मूळ दोषावर उपचार नाही. परंतु निदान झाले की डोके जपणे, आकड्यांवर वेळीच औषध देणे आणि स्नायूंचा व्यायाम चालू ठेवणे शक्य होते.

अग्रवाल रुग्णांत या जनुकातील एकच विशिष्ट बदल वारंवार आढळला, म्हणजे तो एखाद्या समान पूर्वजाकडून आलेला असावा. गोत्र टाळून पण समाजाच्या आतच विवाह होत राहिले की असा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के राहते. यात त्या समाजाला वेगळे काढण्याजोगे काही नाही. लिबियातून आलेल्या यहुदी समाजातही याच जनुकातील वेगळा बदल आढळतो, आणि अंतर्विवाह पाळणाऱ्या कोणत्याही गटात असे एखादे जनुक दडलेले असू शकते. समाज ही सूचना आहे, पुरावा नव्हे. अग्रवाल नसलेल्या मुलातही हे चित्र दिसले तर त्याची दखल घ्यावीच लागते.

प्रतिमेची मर्यादा 2011 मध्ये अधिक स्पष्ट झाली. ज्यांच्यात एमएलसी-1 जनुकाचा दोष आढळत नव्हता अशा काही रुग्णांत ग्लायलकॅम या प्रथिनाच्या जनुकात बदल सापडला आणि त्याचे दोन प्रकार निघाले. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आले तर नेहमीचा, हळूहळू वाढणारा आजार होतो. एकाच प्रतीतला काही विशिष्ट दोष असला तर मात्र मोठे डोके आणि तेच सुजलेले श्वेतद्रव्य प्रारंभी दिसते, पण काही वर्षांनी चित्र सुधारू लागते आणि मुलाची हालचालही सुधारते. यांपैकी काहींत बौद्धिक किंवा स्वमग्नतेच्या अडचणी राहू शकतात. बाल्यावस्थेतील पहिल्या चित्रावरून या दोन वाटा वेगळ्या करता येत नाहीत. त्या जनुक तपासणीने किंवा काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दुसऱ्या चित्राशी तुलना करून ओळखाव्या लागतात.

म्हणूनच ज्या घरात मुलाच्या डोक्याचा घेर अवाजवी वाढल्याची नोंद झाली आहे, त्या पालकांनी केवळ छापील अहवालावर समाधान न मानता पहिल्या एमआरआयची मूळ डिजिटल प्रत रुग्णालयातून मागून घ्यावी आणि डोक्याच्या घेराच्या तारीखवार नोंदींसह ती जपून ठेवावी.