वयात येताना : लेखांक ९ – चिठ्ठ्यांचं खोकं

या आठवड्यात लैंगिक शिक्षणावरचा नायडू समितीचा अहवाल उघडायचा, असं ठरलं होतं. तो २००९ सालापासून कपाटात पडून आहे, आणखी आठ दिवसांनी त्याचं काही बिघडणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकाबाईंचं पत्र आलंय आणि त्यांनी नेमका माझ्या आवडीच्या विषयाला हात घातलाय. नववीचे तास घेताना त्या मुलांकडून निनावी चिठ्ठ्या मागवतात. त्या विचारतात, चिठ्ठ्या वर्गातच उघडाव्यात की आधी वाचून घ्याव्यात?

आधीच वाचाव्यात. भर वर्गात खोक्यात हात घालून चिठ्ठी काढायची मजा मोठी असते, पण पाच-सहा चिठ्ठ्यांनंतर एखादी अशी निघते की तिच्यात वर्गातल्याच मुलीचं नाव असतं, किंवा पीटीच्या सरांविषयी काहीतरी असतं. मग तुम्ही चिठ्ठी गपचूप खिशात टाकता. वर्गाला ते दिसतंच, आणि पुढच्या तासाला खोकं रिकामं.

खोकं कुठलंही चालतं, बुटांचं सगळ्यात बरं. पण दोन गोष्टी पाळाव्याच लागतात. कागद सगळ्यांना सारखाच, आपणच वाटलेला. वहीचं पान फाडायला सांगितलं की कुणाचं दुरेघी, कुणाचं चौकटीचं, म्हणजे मालक ओळखू येतो. आणि चिठ्ठी प्रत्येकाने टाकायचीच. ज्याला प्रश्न नाही त्याने काल रात्री काय जेवलो ते लिहायचं. त्यामुळे कोण लिहितंय आणि कोण नुसता बसलाय, हे शेजारच्याला कळत नाही. मेथीची भाजी, मेथीची भाजी, अंडाकरी, आणि मग एकदम डाव्या हाताने लिहिलेलं, घडी घालून घालून सुपारीएवढं केलेलं एखादं पान.

त्या पानांवर काय असतं? मोठ्यांना वाटतं तसं चावट फारसं नसतं. एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असेल तर ऑपरेशन करावं लागतं का? झोपेत कपडे ओले झाले तर वजन कमी होतं का? पाळीत लोणच्याला हात लावला तर ते खरंच नासतं का? मला मुलगे आवडतात, हा आजार आहे का? बहुतेक प्रश्नांच्या तळाशी एकच चौकशी असते : माझं सगळं ठीक आहे ना? दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननाची आकृती आहे, मासिक पाळीचं चक्र आहे, अगदी सरोगसी आणि वीर्यपेढीसुद्धा आहे. धडा वाईट नाही. पण सरोगसी पाठ करणाऱ्या मुलीला लोणच्याचं उत्तर त्यात सापडत नाही.

अशा शंका जुन्याच आहेत. र. धों. कर्वे १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत होते आणि त्यात वाचकांच्या शंकांना उत्तरं देत. १९३४चा खटला त्यांच्यावर झाला तो या उत्तरांपायीच, आणि त्या शंका होत्या हस्तमैथुनाच्या आणि समलिंगी संबंधांच्या. मुंबई हायकोर्टात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. लोक विचारतात तर उत्तर द्यायलाच हवं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. खटला ते हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. हा दंड मला फार बोलका वाटतो, कारण पुढेही आपली भांडणं अशीच, प्रश्न बाजूला ठेवून झाली. २००७ साली राज्यात किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम बंद पडला तेव्हा ओरड होती ती तक्त्यांवरच्या चित्रांची. पोरं काय विचारतात, याची चौकशी कुणी केल्याचं मला आठवत नाही.

आता बाईंच्या पत्रातला अवघड भाग. एका चिठ्ठीत ‘काका घरी आले की मला भीती वाटते’ एवढंच होतं. खाली नाव नाही. अक्षर मात्र त्यांनी ओळखलं.

पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा रास्त शंका असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायची असते. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे ‘तुमचं गुपित माझ्याजवळच राहील’ असं वर्गाला सांगणं हे खोटं आश्वासन ठरतं. खोकं फिरवण्याआधीच स्पष्ट सांगावं : प्रश्न कुणाचा ते मी शोधणार नाही, पण कुणी तुम्हाला त्रास देत असेल तर मला पुढे सांगावं लागेल, आणि मदत हवी असेल तर नाव लिहा. फळ्यावर १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर तास संपेपर्यंत राहू द्यावा. तुमच्या हातातल्या चिठ्ठीचं म्हणाल, तर बाई, थांबू नका. मुलीशी एकटीशी, घाई न करता बोला, पण या आठवड्यातच. एका ओळीवरून काकांना गुन्हेगार ठरवू नका आणि ती ओळ विसरूही नका.

अक्षर ओळखण्याचा हा घोळ सरकारी रचनेतही आहे. २०२०च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून निवडायचे आहेत. ते प्रशिक्षित असतात, रोज भेटतात, हे सगळं चांगलंच. पण वह्या तपासणाऱ्यालाच चिठ्ठी कोण लिहील? माझा उपाय साधा आहे : शेजारच्या दोन शाळांनी आपापली खोकी एकमेकींकडे पाठवावीत. दोन मुख्याध्यापकांनी हे करून पाहिलं. एकाकडे छान चाललं, दुसरीकडे खोकं तीन आठवडे शिपायाच्या कपाटात राहिलं.

पालकसभेत मूळ चिठ्ठ्या दाखवाव्यात का, हेही बाईंनी विचारलंय. मुळीच नाही. आपल्या हाताने उतरवून घ्याव्यात, ओळखू येईल असं काही असेल तर ते गाळावं, आणि वाचून दाखवाव्यात. त्याआधी पालकांनाही तसाच कागद वाटा. माझ्याकडे आलेल्या पालकांच्या चिठ्ठ्यांमध्ये नेहमी सापडणारा प्रश्न ‘त्याने विचारलं तर काय सांगू?’ हा असतो. त्याच्या खालोखाल, मेथीची भाजी.

नायडू समिती पुढच्या आठवड्यात, मध्येच आणखी कुणाचं पत्र आलं नाही तर.