बटण मुंबईत, कोळसा चंद्रपुरात!

दोस्तांनो, आज संध्याकाळी दिव्याचं बटण दाबाल तेव्हा क्षणभर थांबा आणि स्वतःलाच विचारा, "हा उजेड आला कुठून?" तुम्ही म्हणाल, "त्यात काय, तारेतून!" बरोबर. पण तारेत कुठून आला?

मुंबईजवळ पडघे नावाचं गाव आहे. तिथल्या वीज उपकेंद्रापासून निघालेली एक तार थेट चंद्रपूरला पोचते. लांबी 752 किलोमीटर! 1990च्या दशकाच्या अखेरीस ही वाहिनी सुरू झाली. म्हणजे बटण दाबायचं मुंबईकडे आणि कोळसा जळायचा विदर्भाच्या टोकाला, ताडोबाच्या वाघांच्या शेजारी. आहे की नाही गंमत?

हा कोळसा आला कसा, ते आता पाहू. साधारण 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे सारे भूभाग एकमेकांना चिकटलेले होते. तिथल्या दलदलीतली झाडं मेली, चिखलात गाडली गेली, वर मातीचे थरावर थर साचले. दाब आणि उष्णता यांनी त्या झाडांचा कोळसा झाला. या प्राचीन महाखंडाला जगभरचे शास्त्रज्ञ काय म्हणतात, ठाऊक आहे? गोंडवाना! आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं हे नाव. चंद्रपूरही एके काळी गोंड राजांची राजधानी होतं. गावाभोवतीचा त्यांचा परकोट आजही उभा आहे.

इंग्रजांना वरोऱ्याला कोळसा सापडला, तेव्हा तो वाहून न्यायला 1870च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत खास रेल्वे टाकली गेली. स्वातंत्र्यानंतर 1973 साली देशातल्या कोळसा खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या. 1975 साली 'वेस्टर्न कोलफिल्ड्स' ही सरकारी कंपनी निघाली. चंद्रपूरकर तिला 'वेकोलि' म्हणतात. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्गुस, बल्लारपूर, सास्ती, माजरी ही तिच्या खाणींची गावं.

खाणी दोन तऱ्हेच्या. एक भूमिगत. तिच्यात डोक्यावर दिवा लावून कामगार जमिनीच्या पोटात उतरतो. दुसरी उघडी, म्हणजे 'ओपन कास्ट'. इथे आधी वरची झाडं काढायची, मग माती, मग सुरुंग लावून खडक फोडायचा. त्यानंतर कोळसा दिसतो. काढलेल्या मातीचे ढीग इतके उंच होतात, की परगावचा माणूस त्यांना टेकड्याच समजतो!

आता थोडं गणित करू. एक युनिट वीज तयार करायला अंदाजे 700 ग्रॅम कोळसा लागतो. चंद्रपूरच्या वीज केंद्राची क्षमता आहे 2920 मेगावॅट. ते पूर्ण ताकदीनं चाललं तर तासाला 29 लाख 20 हजार युनिट वीज मिळेल आणि त्यासाठी सुमारे 2000 टन कोळसा जळेल. म्हणजे दर दोन तासांना एक अख्खी मालगाडी रिकामी!

या कोळशानं जिल्ह्याला बरंच काही दिलं. हजारो घरांत महिन्याचा पगार येऊ लागला. रेल्वे आली, बाजारपेठा वाढल्या. आंध्र, बिहार, छत्तीसगडकडून माणसं आली. जवळ कोळसा आणि चुनखडीही, म्हणून सिमेंटचे कारखाने उभे राहिले.

शिवाय 'रॉयल्टी' आहे. जमिनीतलं खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायची ही रक्कम. 100 रुपयांच्या कोळशामागे 14 रुपये राज्याला मिळतात. 2015 साली कायदा बदलला. आता जुन्या खाणींना रॉयल्टीच्या 30 टक्के इतकी जादा रक्कम 'जिल्हा खनिज प्रतिष्ठान'मध्ये भरावी लागते. म्हणजे 100 रुपयांमागे 4 रुपये 20 पैसे. हा पैसा खाणीची झळ सोसणाऱ्या गावांसाठी असतो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग पाणी, आरोग्य, शिक्षण अशा गरजांवर खर्च करायचा असतो.

झळ कसली, असं विचाराल. समजा, तुमच्या आजोबांनी कसलेल्या शेताखालीच कोळसा निघाला. शेत जाणार. मोबदला मिळेल, नियमात बसलं तर बाबांना खाणीत नोकरीही मिळेल. पण विहीर, आंब्याचं झाड आणि पारावरची शाळा? ती कुठल्या पगारात मोजायची? शेजाऱ्याकडे तर स्वतःची जमीनच नाही, तो मजुरी करतो. त्याला काय मिळणार?

आणखी एक हिशेब. आपल्याकडच्या 100 किलो कोळशातून 30 ते 40 किलो राख उरते. तिच्यातली काही सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये जाते. पण धूळ आणि धूर हवेत जातातच. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर चौथं आलं होतं. या स्पर्धेत वरचा नंबर कुणालाच नको असतो! वाघांचंही तेच. जंगलाचे तुकडे झाले की ते वस्तीकडे येतात. वीज केंद्राच्या आवारातसुद्धा त्यांचा वावर आढळला आहे. मग माणूस आणि वाघ, दोघांचाही जीव धोक्यात.

मग जंगल राखून पोट भरतं का? शेजारच्या गडचिरोलीत जाऊ. 1982 साली चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा. इथं सुरजागडला लोहखनिज निघतं, त्यावरही हाच वाद आहे. पण याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव आहे. 2009 साली गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 पासून ग्रामसभा आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकू लागली. बांबू तोडला की पुन्हा फुटतो. कोळसा मात्र एकदाच काढता येतो.

म्हणून काय, उद्याच खाणी बंद करायच्या? तसं केलं तर दिवेही विझतील आणि हजारो चुलीही. पण खाण कधी ना कधी रिकामी होणारच. त्याआधी तिच्या पैशातून चंद्रपूरच्या मुलांसाठी चांगल्या शाळा, दवाखाने, नवे उद्योग उभे राहिले, तरच तो कोळसा खऱ्या अर्थानं 'काळं सोनं' ठरेल. नाहीतर मागे उरेल तो नुसता खड्डा.

आज एक करा. आई-बाबांकडून घरचं वीजबिल मागून घ्या. युनिटच्या आकड्याला 700 ग्रॅमनं गुणा. कोळसा किती किलो झाला, ते वहीत लिहा. मग ज्या खोलीत कुणीच नाही, तिथला पंखा बंद करून या!