पाठीवरचं मचाण

मचाण म्हटलं की आपल्याला पाणवठ्याजवळ कायमचं बांधलेलं मचाण आठवतं. मिशिगनच्या सरकारी जंगलात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणारा माझा शेजारी मात्र मचाण पाठीवर घेऊन फिरतो. त्याचं मचाण म्हणजे सॅडल, कमरेला आणि मांड्यांना धरून ठेवणारा रुंद पट्टा. त्याच्या पुढचा दोर खोडाला बांधलेल्या दोरात अडकवला की माणूस झाडासमोर रेलून तासन्‌तास बसू शकतो. मिशिगनचेच जॉन एबरहार्ट यांनी कित्येक वर्षं अशी शिकार केली आणि या पद्धतीबद्दल भरपूर लिहिलं.

हा खटाटोप वाऱ्यासाठी. हरणाला माणसाचा वास फार लांबून येतो, आणि जंगल सगळ्यांना खुलं असल्यामुळे नेहमीच्या जागा हरणं लवकर ओळखतात. म्हणून झाड त्या दिवशीचा वारा पाहून निवडायचं. इथे धनुष्यबाणाच्या हंगामाचा पहिला टप्पा १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर. १५ तारखेपासून बंदुका. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माद्यांच्या मागे लागलेले नर भरदिवसाही हिंडतात, तेव्हा रोज नवं झाड.

मला यातली खरी कला सामान बांधण्यात दिसते. झाडापाशी जे सगळ्यात आधी लागणार, ते पिशवीत सगळ्यात शेवटी जातं. ॲल्युमिनियमच्या, पायऱ्या असलेल्या चार आखूड काठ्या एकमेकींत बसवून दोन पावलं मावतील एवढ्या फळीवर आवळायच्या. धनुष्य आणि जाड कपडे सोडले तर सगळं मिळून सात-आठ किलो. धातू धातूला लागेल तिथे कापडी पट्टी चिकटवलेली. काठ्या खोडाला बांधायच्या पट्ट्यांची लोखंडी बक्कलं काढून त्याने तिथे बारीक, मजबूत दोर घातलेत. बांधून झालं की पिशवी पाठीवर घेऊन तो गॅरेजमध्ये उड्या मारतो. जरा टक्‌ वाजलं तरी पुन्हा सगळं सोडतो. ही चिकाटी मला मनापासून आवडते. बाजारात मोबाइल धरायचे दांडे, कॅमेऱ्याचे हात, हरतऱ्हेचे आकडे मिळतात. त्यातलं एकेक त्याने काढून टाकलं. प्रत्येक वस्तू म्हणजे वजनही आणि आवाजही.

जाड जॅकेट पिशवीच्या बाहेर गुंडाळलेलं असतं. कडाक्याच्या थंडीतही तो पातळ शर्टावर चालतो. घामाचा वास पसरतो आणि भिजलेल्या कपड्यांनी वर बसल्यावर हुडहुडी भरते, म्हणून जॅकेट झाडावर पोचल्यावरच अंगात.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी शिकारीची वेळ सुरू होते, त्यामुळे चढाई अंधारात, लाल दिव्याच्या उजेडात. कमरेच्या डाव्या थैलीत चढताना खोडाभोवती घ्यायचा दोर, उजवीत वर टांगून घ्यायचा. हात न शोधता तिथेच गेला पाहिजे, म्हणून थैल्या कधी बदलायच्या नाहीत. सरकारी जमिनीवर झाडात स्क्रू घुसवायला बंदी आहे. प्रत्येक काठी बांधूनच वर सरकायचं. वीसेक फुटांवर फळी बसते. मग टांगायचा दोर डोक्याच्या उंचीवर बांधून, कडीचं कुलूप बोटांनी चाचपून, त्यावर पूर्ण भार टाकून पाहायचा. तेव्हाच चढाईचा दोर सुटतो. पाय जमिनीवरून उठल्यापासून परत टेकेपर्यंत क्षणभरही मोकळं राहायचं नाही. इथे मी कुणाचीही सबब मानणार नाही. झाडावरून पडून माणसं जायबंदी होतात, मरतातही. धनुष्य सगळ्यात शेवटी, बारीक दोरीने वर ओढून घ्यायचं, बाणांची पाती झाकलेली.

हरण मिळालं तर हिशेब बदलतो. आतडी काढल्यावरही मोठा नर पन्नास किलोंच्या पुढे भरतो. मग आधी त्याला ओढत गाडीपर्यंत न्यायचं आणि काठ्या-फळीसाठी दुसरी खेप करायची. ओढायचा दोर पिशवीच्या अगदी तळाशी असतो.