वहीतलं रान

मारुती चितमपल्ली 18 जून 2025 रोजी गेले. माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक लेखांत त्यांना अरण्यऋषी म्हटलं होतं. पण आयुष्यभर रोजच्या रोज टिपणं ठेवणाऱ्या या वनाधिकाऱ्याच्या सवयीवर क्वचितच कुणी थांबलं. ते मला लागलं, कारण आमच्या पिढीने त्यांच्याकडून घेतली ती नेमकी हीच सवय.

ऐंशीच्या दशकात त्यांचं ‘जंगलाचं देणं’ वाचून नागपुरातली आम्ही पोरं सायकली काढून अंबाझरीला, गोरेवाड्याला पक्षी पाहायला जायचो. पिशवीत शंभर पानी वही. समासात तारीख, वेळ, वारा. पुढे पक्षी काय करत होता ते. सलीम अलींचं पुस्तक सगळ्यांत मिळून एक. त्यामुळे नाव ठाऊक नसलं तरी लिहावंच लागे: डोळ्यावर पांढरी पट्टी, शेपूट सारखी वरखाली, पाण्याच्या कडेकडेने पळतो. संध्याकाळी कुणीतरी सांगे, अरे, हा धोबी! विहिरीवर वाकलेल्या बाभळीखाली अख्खी सकाळ बसून सुगरण पाहिली. मादी अर्धवट घरट्याच्या कडीवर बसते, आत डोकावते, पटलं नाही तर निघून जाते. मग नर ते तसंच टाकून दुसरं विणायला घेतो.

एका प्राध्यापकांनी वही चाळून ‘याला विज्ञान म्हणत नाहीत’ असं ऐकवलं होतं. आज हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्यांना याच तारखा हव्या असतात: चातक कधी आला, बहावा कधी फुलला, नवरंगाची पहिली शीळ कधी ऐकली.

नव्वदीनंतर कॅमेरे वाढले. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. आता फोन आवाज ऐकून नाव सांगतो आणि नाव कळलं की माणसं पुढे सरकतात. याद्या लांबल्या, नोंदी वाढल्या, हे चांगलंच झालं. पण पक्षी काय करत होता, हे विचारलं तर तरुण मित्र मोबाइलमधला फोटो दाखवतात.

गेल्या वर्षी आमच्यातला एक जण वारला. त्याच्या वह्या घरच्यांनी एका ग्रंथालयाला देऊ केल्या, तर ‘छापील नाहीत’ म्हणून परत आल्या. त्या रद्दीत जायच्या आधी मी उचलून आणल्या. पानं पिवळी पडलीत, पण अक्षर लागतं. चातकाच्या तारखा मी उतरवून घेतो आहे. तुमच्या माळ्यावर अशा वह्या असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मला कळवा.