'लाइफटाइम ऑइल' म्हणजे नक्की कुणाचं लाइफ? ऑटोमॅटिक एसयूव्हीच्या गिअर ऑइलची गोष्ट

घरात ऑटोमॅटिक एसयूव्ही असेल तर इंजिन ऑइल कधी बदललं हे बाबांना तोंडपाठ असतं. पण गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं असं विचारलं तर बहुतेक घरांत उत्तर येतं, "ते बदलावं लागतं का?" आमच्या घरीही हाच प्रश्न निघाला. एका वर्कशॉपने सांगितलं, "लाइफटाइम आहे, विसरून जा." दुसऱ्याने थेट डबा दाखवला, "हे सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं." दोन्ही उत्तरं मला पटली नाहीत, म्हणून गाडीचं मॅन्युअल घेऊन बसलो. त्यातून जे समजलं ते सोप्या भाषेत सांगतो.

हे ऑइल करतं काय?

मॅन्युअल गाडीत क्लच आपण पायाने दाबतो. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये ते काम ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, म्हणजे एटीएफ करतं. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचवणं, आतले क्लच दाबाने घट्ट धरणं, गिअरना वंगण देणं आणि उष्णता बाहेर नेणं, ही चारही कामं या एकाच द्रवाची. म्हणून ते खराब झालं की त्रास एकाच ठिकाणी होत नाही.

मग 'लाइफटाइम'चं काय?

मी सॉफ्टवेअरवाला आहे. 'लाइफटाइम सपोर्ट' असं वाचलं की पहिला प्रश्न पडतो, लाइफ कुणाचं? इथेही तेच आहे. बऱ्याच मॅन्युअलमध्ये दोन तक्ते असतात: एक साधारण वापराचा, दुसरा खडतर वापराचा. पहिल्यात एटीएफपुढे 'बदलण्याची गरज नाही' असं असू शकतं आणि त्याच गाडीच्या दुसऱ्या तक्त्यात किलोमीटरचा ठरावीक आकडा असतो.

आता खडतर म्हणजे काय ते वाचा: कडक उन्हात ट्रॅफिकमध्ये रखडणं, सतत छोट्या फेऱ्या, घाटरस्ते, जास्त वजन ओढणं. म्हणजे रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकणारी आणि सुट्टीत सामान भरून घाट चढणारी गाडी कुठल्या तक्त्यात बसते, हे तुम्हीच ठरवा. एटीएफचा मुख्य शत्रू उष्णता आहे. जास्त तापलं की त्यातले उपयोगी घटक लवकर संपतात.

डबा चुकला तर?

एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळे गिअरबॉक्स असतात. ह्युंदाई क्रेटाचंच बघा. १.५ लिटर डिझेलला ६ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर, साध्या १.५ पेट्रोलला आयव्हीटी (हा सीव्हीटीचाच प्रकार) आणि १.५ टर्बो पेट्रोलला ७ स्पीड डीसीटी. नाव एक, गिअरबॉक्स तीन, आणि तिघांची ऑइलंही वेगळी. एएमटी गाडीत तर मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअर मशीन चालवतं. म्हणून 'सगळ्यांना चालतं' यावर जाऊ नका. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं स्पेसिफिकेशन डब्यावर आहे का ते बघा.

बदलताना काय होतं?

खालचा बोल्ट काढून ऑइल सोडलं तरी सगळं बाहेर येत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांमध्ये राहतं. समजा निम्मंच निघालं. मग पहिल्या वेळी ५० टक्के ऑइल नवं होईल, मध्ये गाडी चालवून दुसऱ्यांदा केलं तर ७५ आणि तिसऱ्यांदा ८७.५ टक्के. मशीन लावून एकदम सगळं बदलण्याची पद्धतही आहे, पण ती तुमच्या गाडीला चालते का हे आधी विचारा.

लेव्हल हा सगळ्यात नाजूक भाग. अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. गाडी सपाट जागी, इंजिन चालू आणि ऑइल ठरावीक तापमानाला असताना लेव्हल बघावी लागते, कारण गरम झालं की ऑइल फुगतं. कमी पडलं तर पंप हवा ओढतो, जास्त झालं तर फेस होतो. दोन्ही वेळा दाब बिघडतो.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- पी मधून डी मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा उचलते
- गिअर बदलताना धक्का किंवा थरथर जाणवते
- आरपीएम वाढतो, पण वेग वाढत नाही
- ऑइलला जळका वास येतो

अशा वेळी आधी स्कॅनर लावून तपासणी करून घ्या. झिजलेला क्लच नव्या ऑइलने बरा होत नाही. ऑइल बदलणं हा आजार होऊ नये म्हणूनचा उपाय आहे.

वर्कशॉपला विचारायचे चार प्रश्न

१. कुठलं स्पेसिफिकेशन टाकणार?
२. किती लिटर निघालं आणि किती भरलं?
३. लेव्हल कुठल्या तापमानाला तपासली?
४. फिल्टर आणि गॅस्केट बदलायचे आहेत का?

उत्तरं बिलावर लिहून घ्या. वॉरंटीत किंवा गाडी विकताना हाच कागद कामी येतो.

आज एवढंच करा: मॅन्युअलमधल्या 'खडतर वापर' पानाचा फोटो काढा, शेजारी ओडोमीटरचा फोटो जोडा आणि फॅमिली ग्रुपवर टाका. आकडा जवळ आला असेल तर पुढच्या सर्व्हिसच्या यादीत एटीएफ आत्ताच लिहून ठेवा.