हात मदतनिसाचे, निर्णय मालकाचा

(शेतकी खात्याकडून)



या पानावर आपण नेहमी बेणे, खत आणि पाणी यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. पण तोही मी बांधावरच शिकलो.

गेल्या जुलैत आडसाली लागणीच्या नोंदी घेत एका सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. काही वर्षांपूर्वी उसाची ट्रॉली उलटून त्यांचा मणका मोडला. तेव्हापासून कमरेखालच्या अंगाला जाणीव नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते चाकाच्या खुर्चीत सोप्यात बसले होते आणि शेजारी त्यांचा पगारी मदतनीस उभा होता. मी नोंदवही उघडली आणि त्या पोराला विचारले, "अण्णा यंदा क्षेत्र किती धरणार? जात कोणती?"

पोरगा म्हणाला, "सायेब, अण्णा हितंच बसल्यात. त्यास्नीच इचारा की."

वीस वर्षांच्या नोकरीत मी इतका ओशाळलो नव्हतो. अण्णा रागावले नाहीत. "लिवा," म्हणाले, "एक एकर धा गुंठे, को ८६०३२, साडेचार फुटी सरी."

चहा होईपर्यंत थांबलो आणि पोराला त्याचे काम विचारले. आपल्याला वाटते, उचलायचे आणि ठेवायचे, झाले काम. तसे नाही बरं का!

(१) अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. खुर्चीत असताना पाव ते अर्ध्या तासाने बैठकीवरचा भार हलवावा लागतो. नाहीतर कातडीला जखम होते आणि दुखत नाही म्हणून ती कळतही नाही. रोज अंग तपासायचे. लालसर डाग दिसला की त्या जागेवर भार द्यायचा नाही.

(२) अंघोळीचे पाणी आधी स्वतःच्या कोपराने पाहायचे. चटका बसला तरी अण्णांच्या पायांना समजणार नाही.

(३) खाटेवरून खुर्चीत घेताना आधी खुर्चीचा ब्रेक लावायचा. स्वतःचे गुडघे वाकवून, माणूस अंगाजवळ धरून उचलायचे. कमरेतून वाकून उचलले तर मदतनिसाचीच कंबर जाते. वहिनींनी चार वर्षे एकटीने हे केले. त्यांची कंबर गेली, म्हणून तर माणूस ठेवला.

(४) घरात जे दिसले ते पारावर बोलायचे नाही.

"आणि सगळ्यात अवघड काय?" मी विचारले.

"न इचारता करायचं न्हाई, ह्ये. पयल्या म्हैन्यात मी न सांगताच खुर्ची ढकलायचो. अण्णा म्हनलं, आधी सांगत जा, मी काय पोतं न्हाई."

मग आम्ही खोडव्याकडे गेलो. खुर्ची बांधावर थांबली. पोराने सरीत उतरून वीतभर खोल माती काढली आणि अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी ती मुठीत दाबून पाहिली. "अजून दोन दिस पाणी नगं." माती आणली पोराने, पाण्याचा हुकूम अण्णांचा.

कायदाही हेच सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये जास्त आधाराची गरज असणाऱ्यांची वेगळी तरतूद आहे. त्या आधाराच्या व्याख्येत रोजच्या कामांबरोबर स्वतंत्रपणे, समजून निर्णय घेणेही आले आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी तर स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून १९८४ पासून अपंगांसाठी मोठी संस्था उभी केली. खुर्चीतला माणूस कारभार करू शकतो याला आणखी पुरावा कशाला?

ज्यांच्या घरी असा सभासद आहे, त्यांना माझी विनंती. मदतनिसाला ठरलेला पगार आणि हक्काची सुट्टी द्या. त्याच्या कामाला कमी लेखू नका. आणि कोणी आमच्यासारखा अधिकारी मदतनिसाशीच बोलू लागला, तर त्याला तिथेच थांबवा.

आमच्याकडचेही सांगतो. गट ऑफिसला दोन पायऱ्या आहेत. उतार होईपर्यंत अशा सभासदांची नोंद आम्ही खाली अंगणात येऊन किंवा वस्तीवर येऊन घेऊ. अण्णा गेल्या वार्षिक सभेला आले नाहीत. खुर्ची मंडपात नेण्यासारखी वाट नव्हती. त्यांच्या जागी मदतनिसाला हात वर करता येत नाही. यंदा मंडपाला फळ्यांचा उतार करावा, असे मी वरिष्ठांना लेखी कळवले आहे.

अण्णांनीही सांगून ठेवले आहे, "यंदा येतो. उताऱ्याबद्दल दोन प्रश्न इचारायचे हायती."

त्या प्रश्नांची उत्तरे मलाच द्यायची आहेत. तयारीला लागलो आहे.

— ऊस विकास अधिकारी