लंडनात पहिले दहा दिवस राहायचं कुठं?

‘ॲडमिशन झालं, व्हिसा झाला, पण पोर उतरणार कुठं?’ आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत हल्ली हा प्रश्न हमखास निघतो. पूर्वी मुलीला मुंबईला पाठवायचं तर दादर-गिरगावात कुणी आत्या, कुणी मामेसासू निघायचीच. लंडनात आत्या कुठून आणायची?

गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या एका वहिनींची मुलगी एमएस्सीला तिकडे निघाली. बाग गहाण ठेवून कर्ज काढलेलं. कुणा दलालानं मोबाइलवर खोलीचे छान छान फोटो पाठवले आणि तीन महिन्यांचं भाडं आधी भरा म्हणाला, नाहीतर खोली जाईल. वहिनी बँकेत निघाल्याच होत्या. मी म्हटलं, ‘थांबा हो! भाट्याला खोली घ्यायची तरी आपण आधी नळाला पाणी येतं का बघतो.’ घरमालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं म्हटल्यावर तो दलाल जो गप्प झाला तो झालाच.

मग कॉलेजचं वसतिगृह मिळालं नाही तर करायचं काय? माझं मत सरळ आहे. इथून घर ठरवूच नये. पहिल्या आठ-दहा दिवसांसाठी हॉस्टेलची नुसती खाट घ्यावी, तिथून हिंडून डोळ्यांनी खोली बघावी, मग पैसे द्यावेत.

हॉस्टेल म्हटलं की आपल्याला कॉलेजचं वसतिगृह आठवतं. तिकडचं वेगळं. एका खोलीत चार, सहा, आठ खाटा, एकावर एक, आणि भाडं खाटेचं. हिमालयात ट्रेकला जाऊन आलेल्यांना यूथ हॉस्टेल ठाऊक असेल, तेच हे. ही कल्पना जर्मनीतल्या एका शाळामास्तरांची, रिचर्ड शिरमान यांची. १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल निघालं. इंग्लंडात ही चळवळ १९३० साली आली. लंडनचं सेंट पॅनक्रासचं यूथ हॉस्टेल ब्रिटिश लायब्ररीच्या समोरच आहे. हीथ्रो विमानतळावरून पिकाडिली लाइननं किंग्ज क्रॉसला उतरलं, गाडी बदलावी लागत नाही, की बॅग ओढत चालत जाता येतं.

आया विचारतात, ‘बाप्यांबरोबर एका खोलीत?’ नाही हो! फक्त बायकांच्या खोल्या असतात, पण बुकिंग करताना तसं निवडावं लागतं. नाहीतर मिसळ खोली पदरात पडते. चादर-उशी बहुतेक ठिकाणी मिळते, टॉवेल नेहमी मिळेलच असं नाही. लॉकर असतो, पण बऱ्याचदा कुलूप आपलं. म्हणून बॅगेत एक छोटं भक्कम कुलूप टाकाच. खोली सहसा दुपारनंतर ताब्यात मिळते. विमान सकाळी पोचत असेल तर सामान ठेवून घ्याल का, हे आधी विचारावं. सलग किती रात्री राहता येतं यालाही काही ठिकाणी मर्यादा असते. भाडं विमानाच्या तिकिटासारखं रोज वरखाली होतं, शनिवार-रविवार महाग. स्वयंपाकघर सगळीकडे नसतं. असलंच तर जपून, फोडणीचा धूर झाला की इमारतभर घंटा वाजते! आणि हो, साजूक तूप, पेढे, खवा बॅगेत घालू नका. दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत.

खाण्याची फार चिंता असेल तर फिट्झरॉय स्क्वेअरमधलं इंडियन वायएमसीए बघावं. १९२० साली आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेली ही संस्था. आताची इमारत १९५३ची. जेवण आपल्या पद्धतीचं मिळतं.

लंडनात जागेची अडचण आपल्या जिल्ह्याला नवी नाही बरं का. मंडणगडजवळचं आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १९२१-२२ साली ते लंडनात किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरच्या घरात राहिले. घरमालकिणीकडचं खाणं इतकं तुटपुंजं, की ओळखीच्या माणसानं दिलेले पापड रात्री पत्र्यावर भाजून ते भूक मारत. ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं घेतलं, तिथे आता स्मारक आहे. त्याही आधी, १९०५ साली, श्यामजी कृष्ण वर्मांनी हायगेटला ‘इंडिया हाऊस’ उघडलं तेही विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठीच. पुढे रत्नागिरीत स्थानबद्ध झालेले सावरकर तिथलेच. गोऱ्या घरमालकांनी काळ्या माणसाला खोली नाकारणं गुन्हा नव्हता तेव्हा. घरांच्या बाबतीत ही मनाई बेकायदा ठरायला १९६८ साल उजाडलं.

आज कायदा भाडेकरूच्या बाजूनं बराच आहे, फक्त तो माहीत हवा. इंग्लंडात जून २०१९पासून खोली अडवून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. डिपॉझिट सहसा पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंतच, आणि ते घरमालकानं तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करून मुलीला तसं लेखी कळवायचं असतं. मात्र मालक त्याच घरात राहत असेल, म्हणजे आपल्या पेइंग गेस्टसारखं, तर या योजनेचं बंधन नसतं. तिथे पावती मागून घ्यावीच.

वहिनींची लेक नऊ दिवस बायकांच्या खोलीत राहिली. वरच्या खाटेवर कोण कुठल्या देशाची हे रोज फोनवर सांगायची. दहाव्या दिवशी दोन मुलींबरोबर खोली मिळाली, कॉलेजपासून लांब, पण खरीखुरी. आता वहिनींना तिच्या पदवीदान समारंभाला जायचंय. कॉलेजांच्या सुट्टीत काही वसतिगृहांतल्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देतात असं लेकीनं कळवलंय. परवा पासपोर्टचा फॉर्म भरायला आम्ही दोघी बसलो होतो.